वर्गाची पावसाची वही: फुकटच्या ऑनलाइन साधनांनी एकत्र काम कसं करावं

शाळेत ऑनलाइन साधनं आणायची म्हटलं की उत्साहात पाच-सहा ॲप उतरवली जातात आणि दिवाळीपर्यंत त्यातलं एकही उरत नाही. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा, प्रत्येकाची रीत वेगळी, आणि मुलांना त्यातून करायचं काय ते मात्र ठरलेलं नसतं. म्हणून आधी काम ठरवा. इथं आठवीच्या एका वर्गासाठी एकच काम धरलं आहे: जून ते सप्टेंबर गावोगावचा पाऊस रोज मोजायचा, एका ठिकाणी नोंदवायचा आणि महिन्याअखेरीस गटागटानं त्यावर लिहायचं. लागणारी साधनं तीन आणि तिन्ही एकाच खात्यातली: गूगल फॉर्म्स (नोंदी भरून घ्यायला), गूगल शीट्स (आकड्यांचं पत्रक) आणि गूगल डॉक्स (एकत्र लिहायचा कागद).

पाऊसच का? रोज एकच आकडा, आणि तो मोजायला महागडं काही लागत नाही. शिवाय मराठवाड्यात तो गप्पांचाच विषय आहे. हायस्कूलला आजूबाजूच्या वाड्या-तांड्यांवरून मुलं येतात. वाडीवर कोसळला आणि तांड्यावर शिपकाही नाही, हे त्यांना ठाऊकच असतं. पत्रकात ते आकड्यांत दिसतं.

सामान इतकंच: शाळेत इंटरनेट असलेला एक संगणक, तुमचा स्मार्टफोन, आणि ज्या ज्या ठिकाणचा पाऊस मोजायचा तिथल्या एका घरचा एक फोन. चाळीस मुलांच्या वर्गात सहा ठिकाणं धरली तर सहा फोन पुरे. संगणक कक्ष नसला तरी अडत नाही.

खातं शाळेचं काढा, स्वतःचं वापरू नका

सगळ्यात जास्त घोटाळा इथं होतो आणि तो तीन वर्षांनी, बदली झाल्यावर लक्षात येतो. गुरुजी गेले की त्यांच्या खात्यातली पत्रकंही गेली. नव्या बाईंच्या हाती फक्त ‘परवानगी नाही’ असं सांगणारा दुवा (लिंक) राहतो. त्यामुळे पहिल्याच दिवशी शाळेच्या नावानं नवं जीमेल खातं काढा. पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात घालून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा. खातं परत मिळवण्यासाठीचा मोबाइल नंबर शाळेचा किंवा मुख्याध्यापकांचा द्या. दुहेरी पडताळणी चालू केली असेल तर आकडी कोड कुणाच्या फोनवर जातो ते पाकिटावर लिहा. बदली झाल्यावर सगळ्यात आधी तोच नंबर बदलायचा असतो. दोन वर्षं कुणीच उघडलं नाही तर असं खातं गूगल बंद करून आतलं पुसू शकतं, तेव्हा उन्हाळी सुट्टीनंतर एकदा तरी लॉगिन व्हायला हवं.

फुकटच्या खात्यात १५ जीबी जागा मिळते आणि ती जीमेल, ड्राइव्ह (फाइली ठेवायची जागा) आणि फोटो यांत मिळून असते. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता याच जागेत मोजला जातो. म्हणून शाळेचं खातं कुणाच्या रोजच्या फोनवरच्या व्हॉट्सॲप बॅकअपला जोडू नका. जागा भरली की नवी फाइल बनत नाही आणि मेलही यायचे थांबतात. एक दिलासा आहे: शेअर केलेल्या फाइलची जागा फक्त मालकाच्या खात्यातून जाते, पालकांच्या फोनवरच्या खात्यावर भार पडत नाही.

खात्यात शिरल्यावर ड्राइव्हमध्ये एक फोल्डर करा, ‘आठवी पाऊस’ आणि पुढं वर्ष. पुढचं सगळं यातच. हे फोल्डर मात्र कुणालाही शेअर करू नका. फोल्डर शेअर झालं की आतलं सगळंच शेअर होतं, उद्या त्यात ठेवलेली गुणपत्रिकासुद्धा.

आधी पर्जन्यमापक, मग संगणक

दोन लिटरची, सरळ भिंतीची प्लॅस्टिकची बाटली घ्या. मधे कंबर असलेली चालत नाही. वरचा निमुळता भाग जिथं संपतो तिथं कापा, तो भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा आणि कडा चिकटपट्टीनं पक्क्या करा. बाटलीचा तळ खोलगट असतो, म्हणून तळात खडे घाला आणि भिंती सरळ होतात तिथपर्यंत पाणी भरा. त्या पातळीला शून्याची खूण. तिथून वर पट्टी चिकटवली की पाण्याची उंची जितके मिलिमीटर तितकाच पाऊस. नरसाळ्याचं तोंड आणि बाटलीची रुंदी सारखीच असल्यानं वेगळं गणित करावं लागत नाही. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे याच वेळी सांगून टाका.

मापक उघड्यावर ठेवा. झाड किंवा भिंत जितकी उंच, तिच्या किमान दुप्पट अंतरावर. वाऱ्यानं पडू नये म्हणून तो विटांमध्ये घट्ट बसवा. मोजायची वेळ हवामान खात्याची, सकाळी साडेआठ. रात्री पडलेला पाऊसही सकाळी मोजला त्याच तारखेला लिहायचा. मोजून झालं की पाणी शून्याच्या खुणेपर्यंत आणायचं. उन्हाच्या दिवसांत तळातलं पाणी आटून पातळी शून्याखाली जाते. रोज पाहून भर घातली नाही तर पुढचा पाऊस कमी भरतो.

आणि एक नियम फळ्यावर मोठ्या अक्षरात: पाऊस पडला नाही तर ० लिहायचा, मोजलाच नाही तर काहीच लिहायचं नाही. या दोन्हींत गल्लत झाली की महिन्याची सरासरी खोटी येते. पत्रक रिकामा चौकोन सरासरीत धरत नाही, शून्य धरतं.

भरायचं असेल तिथं फॉर्म

नवखे शिक्षक बहुधा पत्रकच सगळ्यांना उघडं करून देतात. चार दिवसांत कुणीतरी सगळ्या ओळी उलटसुलट लावतं, कुणी मधला रकाना पुसतं, आणि कुणी केलं ते कळत नाही. मुलांकडून आकडे गोळा करायचे असतील तर पत्रक उघडू नका, फॉर्म द्या. फॉर्ममध्ये प्रत्येक जण फक्त स्वतःची नोंद पाठवतो, दुसऱ्याच्या नोंदीला त्याचा हात लागत नाही.

फॉर्म्स उघडून रिकामा फॉर्म घ्या आणि नाव द्या: आजचा पाऊस. प्रश्न चारच.

१. तारीख. प्रश्नाचा प्रकार ‘डेट’ निवडा.

२. ठिकाण. प्रकार ‘ड्रॉपडाउन’. सगळ्या वाड्या-तांड्यांची नावं तुम्हीच टाका. मुलांना हातानं लिहू दिलंत तर एकाच वाडीची तीन शुद्धलेखनं येतात आणि संगणकासाठी ती तीन वेगळी गावं होतात.

३. पाऊस, मिलिमीटरमध्ये. प्रकार ‘शॉर्ट आन्सर’. उजव्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांत ‘रिस्पॉन्स व्हॅलिडेशन’ आहे. त्यात ‘नंबर’, मग ‘बिट्वीन’ निवडून ० ते ४०० टाका. शेजारच्या चौकटीत चूक झाल्यावर दिसणारा संदेश मराठीत लिहा: फक्त आकडा लिहा, मिमी लिहू नका. ही एक ओळ नसेल तर ‘12 मिमी झाला सर’ अशी नोंद येणार आणि तिची बेरीज होणार नाही.

४. मोजणाऱ्याचा हजेरी क्रमांक. नाव नको, कारण पुढं येईलच.

चारही प्रश्नांना ‘रिक्वायर्ड’ लावा. सेटिंग्जमध्ये ईमेल गोळा करणं बंद ठेवा आणि एकालाच एकदा उत्तर देता येईल ही अटही बंद ठेवा, कारण तीच मुलं रोज भरणार आहेत. या दोन्हींपैकी एक जरी चालू राहिलं तरी फॉर्म लॉगिन किंवा ईमेल मागतो, आणि आजोबांच्या फोनवर लॉगिन करायचं म्हणजे सकाळ गेली. फाइल जोडण्याचा प्रश्नही याच कारणासाठी टाळा. आता ‘पब्लिश’ करा, दुवा असलेल्या कुणालाही उत्तर देता येईल असं ठेवा, आणि दुवा छोटा करून घ्या. दुसऱ्या एखाद्या फोनवरून, शाळेच्या खात्यात लॉगिन नसताना, स्वतः एकदा भरून पाहा. स्वतःच्या संगणकावर उघडतंय म्हणजे सगळीकडं उघडेल असं नसतं.

पत्रक: आकडे पाहायची जागा

फॉर्मच्या ‘रिस्पॉन्सेस’ भागात ‘लिंक टू शीट्स’ दाबलं की नवं पत्रक तयार होतं आणि प्रत्येक नोंद त्यात आपोआप येऊन पडते. पहिला रकाना नोंद पाठवल्याच्या वेळेचा असतो. तो पुसू नका. मुलानं तारीख चुकीची निवडली तर त्यावरूनच पकडता येतं.

पत्रक उघडल्याबरोबर ‘फाइल’ आणि मग ‘सेटिंग्ज’मध्ये जाऊन देश भारत करा. देश अमेरिका राहिला तर ७/८ म्हणजे ७ ऑगस्ट नसून ८ जुलै होतो, आणि २५/६ ही तारीख म्हणून ओळखलीच जात नाही. एखादा आकडा किंवा तारीख चौकोनाच्या डाव्या कडेला चिकटलेली दिसली की समजा, पत्रकानं ती मजकूर म्हणून घेतली आहे. पत्रकात आकडे इंग्रजी अंकांतच भरायचा नियम करा.

मूळ नोंदींच्या टॅबमध्ये काही करू नका. हिशोबासाठी वेगळा टॅब घ्या. सोपी वाट म्हणजे ‘इन्सर्ट’मधलं ‘पिव्हट टेबल’: ओळींमध्ये ठिकाण, रकान्यांमध्ये तारीख, आणि ‘व्हॅल्यूज’मध्ये पावसाची बेरीज. सहा वाड्यांचा अख्खा महिना एका नजरेत येतो. एकाच दिवसाची नोंद दोनदा आली असेल तर तो आकडा भलताच मोठा दिसतो. तशी शंका आली की मूळ टॅबमध्ये जाऊन जादा नोंद काढा. मोठ्या चुका ओळखायचा अंदाज असा: जून ते सप्टेंबर या चार महिन्यांची मराठवाड्याची सरासरी सुमारे ६८० मिलिमीटर आहे. एका वाडीची जुलैचीच बेरीज दोन हजारांवर गेली असेल तर ढग फुटला म्हणण्याआधी बाटली आणि पट्टी तपासा.

मग मुलांना आवडणारी गोष्ट करा. पावसाचे आकडे निवडून ‘फॉरमॅट’मध्ये ‘कंडिशनल फॉरमॅटिंग’ उघडा, ‘ग्रेटर दॅन’ ६५ टाका आणि लाल रंग द्या. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, हा आकडा प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात माहीत असतो. पत्रकात लाल चौकोन उमटला आणि मंडळाच्या नोंदीत तो दिवस नसेल, तर मुलं विचारणारच. सरळ उत्तर द्या: मंडळाचं स्वयंचलित हवामान केंद्र एका जागी असतं, पाऊस मात्र शिवारागणिक बदलतो, आणि आपली बाटली नुकसानभरपाईसाठीचा पुरावा नाही. दुसरा अर्धा भाग सांगायचा राहिला तर पालक पत्रकाची छपाई घेऊन तहसीलला जाऊ शकतात.

पत्रक पालकांना, इतर शाळांना दाखवायचं असेल तर ‘शेअर’ दाबा, ‘जनरल ॲक्सेस’मध्ये ‘एनीवन विथ द लिंक’ निवडा आणि भूमिका ‘व्ह्युअर’ ठेवा. यापुढं काही नाही.

लिहायचं असेल तिथं डॉक

महिन्याचा अहवाल हा खरा एकत्र लिहिण्याचा भाग, आणि गोंधळही इथंच. तेव्हा थोडं सावकाश.

पहिल्या तासाला खऱ्या अहवालाला हात लावू नका. ‘खेळायचा कागद’ नावाचा एक डॉक करा, दुवा द्या आणि दहा मिनिटं मोकळं सोडा. मुलं एकमेकांच्या ओळीत घुसतील, अक्षरं जांभळी करतील, पानभर हसरे चेहरे टाकतील, कुणीतरी सगळं निवडून पुसेल. ते होऊ द्या. मग संगणकावर ‘फाइल’, ‘व्हर्जन हिस्टरी’, ‘सी व्हर्जन हिस्टरी’ असं जाऊन पुसण्याआधीची प्रत निवडा आणि ‘रिस्टोअर धिस व्हर्जन’ दाबून सगळं परत आणून दाखवा. पुसलेलं परत येतं आणि कधी काय बदललं याची नोंद राहते, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की मस्ती निम्मी कमी होते.

अहवालाच्या डॉकमध्ये आधी सांगाडा तुम्ही घाला. सहा ठिकाणांचे सहा गट, प्रत्येकासाठी एक शीर्षक. शीर्षकाला ‘हेडिंग’ची शैली द्या, म्हणजे डावीकडं यादी दिसते आणि फोनवर आपला भाग शोधता येतो. प्रत्येक शीर्षकाखाली तेच तीन प्रश्न: सगळ्यात जास्त पाऊस कोणत्या दिवशी झाला? सलग किती दिवस कोरडे गेले? त्या दिवसांत शेतात काय चाललं होतं? तिसऱ्या प्रश्नाशिवाय अहवाल म्हणजे नुसता पाढा होतो. त्याचं उत्तर मुलांना घरी विचारावं लागतं: सोयाबीनला फुलोरा होता का, कपाशीची वेचणी थांबली का, विहिरीला पाणी आलं का.

आता परवानगी. भूमिका तीन आहेत. ‘व्ह्युअर’ फक्त वाचतो. ‘कमेंटर’ शेजारी शेरा लिहितो आणि बदल सुचवतो, पण मूळ मजकूर बदलू शकत नाही. ‘एडिटर’ काहीही करू शकतो. डॉकमधला एखादाच परिच्छेद कुलूपबंद करायची सोय नाही, म्हणजे एका गटाला एडिटर केलं की त्याला सगळा डॉक मोकळा. यावर उपाय म्हणजे वेळ. तासाआधी ‘एनीवन विथ द लिंक’ला ‘एडिटर’ करा, तास संपला की परत ‘व्ह्युअर’. दुवा तोच राहतो, पुन्हा पाठवावा लागत नाही. शेअरच्या खिडकीत दातेरी चाकासारखं चिन्ह आहे. तिथं ‘एडिटर परवानग्या बदलू शकतात’ अशा अर्थाची खूण असते, ती काढून टाका.

एका संगणकावर सहा गट कसे बसणार? पाळी लावा. प्रत्येक गटाला दहा मिनिटं, बाकीचे वहीत कच्चं लिहितात. उरलेलं संध्याकाळी घरच्या फोनवर. फोनवर डॉक्सचं ॲप लागतं, नुसत्या ब्राउझरवर लिहिता येत नाही.

दुव्यावरून आलेल्यांची नावं दिसत नाहीत. गूगल त्यांना ‘अनॉनिमस’ करून एकेका प्राण्याचं चित्र देतं. मुलांना याची गंमत वाटते, पण गुण देताना तुमची पंचाईत होते. म्हणून रीत ठरवा: लिहिलेल्या प्रत्येक परिच्छेदाशेवटी कंसात हजेरी क्रमांक. कंस नसेल तर परिच्छेद कुणाचाच नाही.

तपासणीच्या तासाला सगळ्यांना ‘कमेंटर’ करा आणि गटांची अदलाबदल करा. दुसऱ्याच्या भागात किमान दोन शेरे, आणि त्यातला एक प्रश्न हवा. ‘छान’ हा शेरा मोजायचा नाही.

नेहमी येणाऱ्या अडचणी थोडक्यात. ‘यू नीड ॲक्सेस’ असं दिसतं, म्हणजे दुवा ‘रिस्ट्रिक्टेड’ राहिलाय. मुलांनी तिथलं बटण दाबलं की तुमच्या मेलपेटीत चाळीस विनंत्या येऊन पडतात. प्रत्येकीला होकार देत बसू नका, परवानगी एकदा बदला. सहा गटांच्या सहा वेगळ्या फाइल परत आल्या, म्हणजे कुणीतरी दुव्याऐवजी वर्डची फाइल व्हॉट्सॲपवर टाकली. प्रत्येकाला स्वतंत्र प्रतच द्यायची असेल, उदाहरणार्थ कोऱ्या प्रश्नपत्रिकेची, तर दुव्यात फाइलच्या लांबलचक क्रमांकानंतर येणारा ‘एडिट’ हा इंग्रजी शब्द आणि त्यापुढचं सगळं काढून तिथं इंग्रजीत ‘कॉपी’ लिहा. उघडणाऱ्याला आपली प्रत करून घ्यायला सांगितलं जातं.

मराठी टंकलेखनाचा घोळ

गावातल्या डीटीपीवाल्याकडून टाइप करून आणलेला मजकूर डॉकमध्ये चिकटवला आणि अक्षरांच्या जागी इंग्रजी चिन्हांची खिचडी दिसली, तर डॉक बिघडलेला नाही. तो मजकूर श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला आहे. त्याचं सगळ्या फोन-संगणकांवर चालणाऱ्या युनिकोडमध्ये रूपांतर करावं लागतं. पानं थोडी असतील तर छापील पानाचा स्वच्छ फोटो ड्राइव्हवर टाका, संगणकावर उजवं बटण दाबून ‘ओपन विथ’मध्ये ‘गूगल डॉक्स’ निवडा. फोटोखाली ओळखलेला मजकूर येतो. फोटो दोन एमबीच्या आत ठेवा. जोडाक्षरं आणि आकडे एकदा वाचून पाहिल्याशिवाय पुढं जाऊ नका.

फोनवर जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्ड ॲपमध्ये मराठी कीबोर्ड जोडला की काम भागतं. विंडोज १० च्या मे २०१९ च्या आवृत्तीपासून ‘मराठी फोनेटिक’ कीबोर्ड आतच आहे. भाषा जोडली की विंडोज आणि स्पेस ही बटणं एकदम दाबून भाषा बदलते. ज्या मुलांचा टंकलेखनाचा हात मंद आहे त्यांच्यासाठी क्रोममध्ये डॉक उघडून ‘टूल्स’मधलं ‘व्हॉइस टायपिंग’ मराठीवर ठेवा. वर्गाच्या गोंगाटात ते बिचकतं. माइकजवळ एकानंच बोलायचं. बोलीतला शब्द त्यानं बदलला तर हातानं परत लिहा, तांड्यावरच्या आजीचं वाक्य तिच्याच शब्दांत राहू द्या.

‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यानं’ अशा शब्दांत हटकून चूक होते. ‘र्या’ आलं की तो आर्या-भार्यातला रफार झाला. खाली नुक्ता असलेला ऱ, मग हलन्त, मग या, असं लिहिलं की ऱ्या बरोबर येतो.

व्हॉट्सॲपला टपालवाला ठेवा

काम व्हॉट्सॲपवर करू नका, तिथं फक्त दुवे पाठवा. गटाच्या सेटिंग्जमध्ये फक्त ॲडमिनना संदेश पाठवता येतील असं ठेवा. फॉर्मचा दुवा गटाच्या वर्णनात लिहा, नाहीतर सुप्रभातच्या फुलांखाली तो दोन तासांत गाडला जातो. बाटलीतल्या पातळीचा फोटो मागवायचा असेल तर थेट तुम्हाला ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. साध्या फोटोत पट्टीवरच्या रेघा पुसट होतात.

कागद स्कॅन करायला ड्राइव्हच्या ॲपमध्येच कॅमेऱ्याची सोय आहे. कॅमस्कॅनर आणि शेअरइट ही दोन्ही ॲप २९ जून २०२० च्या आदेशानं भारतात बंद झाली, तरी त्यांच्या जुन्या फाइली अजून फोनाफोनांतून फिरतात. शाळेच्या फोनवर त्या नकोत. दोन अँड्रॉइड फोनमध्ये नेटशिवाय फाइल पाठवायची तर क्विक शेअर आहे.

मुलांची माहिती

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ नुसार १८ वर्षांखालची व्यक्ती म्हणजे मूल, आणि मुलाची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. गूगलचं स्वतःचं खातं आणि व्हॉट्सॲप या दोन्हींसाठी आपल्याकडं किमान वय १३ आहे. आठवीतली काही मुलं त्याच्या अलीकडंच असतात. म्हणून या कामात मुलांना खाती काढायला लावायचीच नाहीत: फॉर्म लॉगिनशिवाय, डॉक पालकांच्या फोनवर, ओळख हजेरी क्रमांकानं. उघड्या दुव्याच्या कोणत्याही फाइलीत पूर्ण नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक, पालकांचा मोबाइल नंबर येऊ देऊ नका. हजेरी क्रमांक आणि नाव यांची जोडी फक्त तुमच्या कागदी हजेरीपटात. जूनच्या पालकसभेत अर्ध्या पानाची संमती घ्या. त्यात काय गोळा होणार, कोण पाहणार आणि वर्षाअखेरीस त्याचं काय होणार, हे तीनच मुद्दे असू द्यात.

लाइट आणि रेंज गेली तर

डॉक्स आणि शीट्सच्या ॲपमध्ये फाइलीशेजारच्या तीन ठिपक्यांत ‘मेक अव्हेलेबल ऑफलाइन’ आहे. ते चालू असलं की रेंज नसतानाही लिहिता येतं आणि नेट आलं की आपोआप चढतं. फॉर्म मात्र नेटशिवाय जात नाही. त्यासाठी प्रत्येक मापकाशेजारी एक वही आणि पेन्सिल, प्लॅस्टिकच्या पिशवीत. पेनाची शाई पावसात पसरते. आधी वहीत, मग फॉर्ममध्ये. आणि शंका आली तर वही खरी धरायची.

बाकीची साधनं गरज पडली तरच. पॅडलेट फोटोंची भिंत म्हणून छान आहे, पण फुकटात मोजक्याच भिंती मिळतात. खातं न काढता एकत्र लिहायचं तर क्रिप्टपॅड आहे. जुन्या फोनवर ते जड जातं, आणि खात्याशिवाय बनवलेली कागदपत्रं ९० दिवस कुणी उघडली नाहीत तर पुसली जातात. गूगलचा जॅमबोर्ड फळा अनेक शाळांनी वापरला आणि तो ३१ डिसेंबर २०२४ रोजी बंद झाला.

तेव्हा दर महिन्याला ‘फाइल’ आणि ‘डाउनलोड’मधून पत्रक एक्सेलमध्ये आणि अहवाल पीडीएफमध्ये उतरवून शाळेच्या पेनड्राइव्हवर टाका. ३० सप्टेंबरची नोंद आली की फॉर्मवर उत्तरं घेणं बंद करा, डॉक आणि पत्रक ‘रिस्ट्रिक्टेड’ करा, पिव्हट टेबलची छपाई काढून मापकाच्या वहीत चिकटवा आणि बाटल्या धुऊन, उन्हात वाळवून पुढच्या जूनसाठी ठेवून द्या.